चौदा प्रती

जुना प्रिंटर बुधवारी बसला तो बसलाच.
दोन वर्षं तो प्रत्येक पानाच्या डाव्या समासात
एक काळी रेघ ओढायचा, केसाएवढी.
गिऱ्हाईक विचारायचं, मी सांगायची, डिझाइन आहे.

नवा शिबूनं देऱ्याहून आणला,
टॅक्सीत शेजारी बसवून, पट्टा लावून.
थर्मोकोलचे दाणे अजून माझ्या ओढणीला आहेत.
नारिंगी पट्टी ओढली, ओढतच राहिले,
हातभर बाहेर आली तेव्हा कुठे शाईला वाट झाली.
मग वायफायचा पासवर्ड: मालकाच्या मुलीची जन्मतारीख.
मग, भाषा निवडा.
यादीत पोलिश होती, थाई होती. आपली नव्हती.
इंग्रजीवर टिचकी मारली. मुहैस्नात सगळे तेच करतात.

चाचणीचं पान आलं, गरम.
त्यावर अभिनंदन.
कोणाचं, ते नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक हरिबा थोरबोले, सळई बांधणारा,
सोनापूर कॅम्पचा.
(गिरगावात हे नाव घेऊन बघा,
ऐकणारा आधी हात जोडेल.)
तो मला वहिनी म्हणतो, बोर्डावर मी मिसेस मुकादम.
मजकूर फोनमध्ये होता,
ड्युटीच्या बसमध्ये अंगठ्यानं ठोकलेला:
खोली नऊमधील गणपा सर्वगोड यांच्या ट्रंकेची चावी
कोणाकडे असल्यास हरिबाकडे द्यावी.
कोणी काही विचारणार नाही.

फाइल उघडली. ए-फोर, उभं पान, अक्षर छत्तीस.
छापा म्हटलं, तर चौकोन आले.
ओळीच्या ओळी नुसते चौकोन,
रात्रपाळी गेल्यावर कॅम्पच्या खिडक्या दिसतात तसे.
फॉन्ट बदलला.
आता अक्षरं आली, पण एकमेकांची ओळख नसल्यासारखी.
पहिली वेलांटी भलत्याच्याच मागे जाऊन उभी,
आणि सर्वगोडचा रफार डोक्यावरून पडलेला:
सर् वगोड.

हरिबा बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, होता तेव्हा तरी
कुठल्या मुकादमानं त्याचं नाव धड घेतलं.
मग जीभ चावली. माझं आडनाव आठवलं असणार.

शिबू म्हणाला, चेची, पीडीएफ करा आणि मग छापा.
केलं.
रफार परत जागेवर, वरची रेघ सलग.
मी विचारलं, नावाआधी कै. लावू?
कर्सर तिथंच नेऊन ठेवला होता, लुकलुकत होता.
थांबा, म्हणाला. चावी मिळू दे आधी.

चौदा खोल्या, चौदा प्रती.
घाईत ती जागा मिटवायची राहिली,
म्हणून चौदाही कागदांवर गणपाच्या आधी
दोन अक्षरं मावतील एवढं कोरं.
पैसे घेतले नाहीत.
म्हणजे सात दिरहम घेतले, पानं मालक मोजतो.

सोमवारी हरिबा परत.
चावी खोली चारच्या नेपाळ्यानं आणून दिली,
लिपी त्याची आणि आपली एकच,
जुळवत जुळवत वाचलं म्हणे त्यानं.
आता सामानाबरोबर पाठवायला यादी हवी होती.
तो सांगत गेला, मी ठोकत गेले:
टॉवेल दोन. अत्तराची बाटली, सील न फोडलेली.
मुलीचे बूट, मुलगी तीन वर्षांची होती तेव्हाच्या मापाचे.
ती आता कितवीत आहे हे त्याला सांगता येईना.

आणि हा एक कागद, वहिनी. याला काय म्हणू?

रजेचा अर्ज.
मीच टाइप केलेला, इमर्जन्सीत एम एक जास्त.
तारखेची जागा मोकळी, सही नाही,
घडी इतक्यांदा घातलेली की मधून उजेड दिसतो.
डाव्या समासात वरपासून खालपर्यंत
काळी रेघ.

नव्याचा हिरवा दिवा लागलेला होता, तो वाट बघत होता.
यादीत लिहिलं: कागद, एक.